रॉम, बायोस, सीमॉस : कशाला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की रॉम, बायोस आणि सीमॉस हे शब्द लोक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात तर ते एकच का, आणि मोबाइलच्या खोक्यावर '८ जीबी रॅम, १२८ जीबी रॉम' लिहितात ती रॉम हीच का.

एकच नाहीत. रॉम (रीड ओन्ली मेमरी, म्हणजे फक्त वाचायची मेमरी) ही चिप, बायोस हा त्या चिपमध्ये ठेवलेला, मशीन सुरू करून देणारा प्रोग्राम. मशीन चालू करता तेव्हा रॅममध्ये, म्हणजे काम चालू असतानाच्या तात्पुरत्या मेमरीत, कामाचं काहीच नसतं, कारण वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं, मग प्रोसेसरने पहिली सूचना वाचायची कुठून, तर जिथलं विजेशिवाय टिकतं तिथून, आणि ती जागा म्हणजे रॉम. तिथला बायोस रॅम, कीबोर्ड वगैरे तपासतो, मग डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, म्हणजे छोटा तुकडा, उचलून रॅममध्ये टाकतो आणि पुढचा कारभार त्यातल्या प्रोग्रामकडे देतो. बूट होणं म्हणतात ते हेच. नव्या मशीनमध्ये हे काम यूईएफआय नावाचं बायोसच्या जागी आलेलं सॉफ्टवेअर करतं आणि ते त्या सेक्टरऐवजी डिस्कच्या एका वेगळ्या भागातली (पार्टिशनमधली) फाइल वाचतं, पण लोक त्यालाही बायोसच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही असं मला वाटतं.

सीमॉसला बायोस म्हटलं तर मात्र बिघडतं. सीमॉस हे खरं तर चिप बनवायच्या तंत्राचं नाव. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये या तंत्राची, अगदी कमी वीज खाणारी ६४ बाइटची चिप होती, घड्याळ आणि सेटिंग त्यात राहायचं आणि मशीन बंद असताना ती बॅटरीवर चालायची, तेव्हापासून त्या जागेलाच सीमॉस नाव पडलं. म्हणून बोर्डावरचा गोल सेल संपला की तारीख मागे जाते, सेटिंग जाऊ शकतं, पण 'बायोस उडाला' म्हणू नका, प्रोग्राम त्याच्या चिपमध्ये शाबूत असतो.

आता रॉम. सुरुवातीची रॉम कारखान्यातच भरून यायची, बदलायची सोयच नाही. मग ईपीरॉम आली, तिच्यावर छोटी काचेची खिडकी असायची, त्यातून अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पाडून आतलं पुसायचे. पुढे विजेनेच पुसता येणारी ईईपीरॉम आली, आणि १९८० च्या दशकात तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी शोधली, म्हणजे आतला मोठा भाग विजेने एकदम पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी. आज बायोस फ्लॅशमध्येच असतो म्हणून तर तो अपडेट करता येतो.

मोबाइलचं स्टोरेजही फ्लॅशच, पण तिथे तुम्ही रोज फोटो टाकता आणि पुसता, मग जिच्या नावातच 'फक्त वाचायची' आहे ती रॉम ही कशी? तिला सरळ स्टोरेज म्हणा. आणि अँड्रॉइडवाले 'कस्टम रॉम टाकली' म्हणतात तेव्हा ते चिपबद्दल बोलतच नसतात, त्यांना फोनमध्ये भरलेली अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणायची असते.