वारा नसेल तर विंडसर्फिंगचे पैसे वाया जातात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की नोव्हेंबरात सहा मित्र मिळून गोव्याला चार दिवस विंडसर्फिंग शिकायला चाललाय, तिथल्या वाऱ्याचा भरवसा नाही असं कुणीतरी सांगितलं, मग पैसे वाया जातील का आणि ट्रिप कॅन्सल करावी का. 'पैसे वाया' वाचलं आणि राहवलं नाही, कारण या दोन शब्दांवरून माझी एका जुन्या मित्राशी २०१८ पासून धुसफूस चालू आहे.

कॅन्सल करू नका. तारीख हलवता येत असेल तर मात्र हलवा, फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत कधीही जा.

आम्ही सोलापूरचे पाचजण, शाळेपासूनचे. एकाचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, एक बँकेत, एक मेडिकलवाला, एक मास्तर, आणि मी मोबाईल टॉवरच्या मेंटेनन्सचं काम करतो. टॉवरवर चढायचं म्हणजे वारं बघूनच दिवस ठरतो, त्यामुळे वाऱ्याचा नाद मला आधीपासून. २०१८ ला आम्हीही गोव्याला विंडसर्फिंग शिकायला जायचं ठरवलं, मी मार्च म्हणत होतो. टॉवेलवाल्याला मार्चएंड, मास्तरला परीक्षा, बँकवाल्यानं मार्चमध्ये रजा मागायचा प्रश्नच नाही, मग दिवाळी ठरली. मी तेव्हाच ग्रुपवर लिहिलं होतं की दिवाळीत तिथं वारं कमी असतंय, सकाळी तर नसतंयच, नंतर कुणी काही म्हणायचं नाही. चौघांनीही अंगठा दाखवला. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे.

भाऊबीज झाली त्या रात्री निघालो, विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट करत सकाळी पणजी. दोना पावलाजवळच्या किनाऱ्यावर एकजण शिकवतात, त्यांच्याकडे बोर्ड म्हणजे उभं राहायची फळी, सेल म्हणजे तिच्यावरचं शीड आणि सोबत एक मोटरबोट असं माणशी साडेआठ हजारांत ठरलं होतं, अर्धे आधी अर्धे नंतर. सगळ्यांचे पैसे माझ्या हातून जात होते, ही चूक तुम्ही करू नका, त्यावर शेवटी सांगतो.

पहिल्या दिवशी आठ वाजता आम्ही लाइफ जॅकेट घालून उभे आणि समुद्र तेलासारखा. जी काय थोडी झुळूक होती ती पाठीकडून, म्हणजे जमिनीकडून पाण्याकडे. सर म्हणाले, आत्ता कशाला आलात, बारानंतर या. टॉवेलवाला चिडला, दिवसाचे पैसे भरलेत आणि हे म्हणतायत अर्धा दिवस झोपा. अहो पण हे आपण सगळे शाळेत भूगोलात शिकलोय की. खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर गार होते आणि उलटं होतं, तो मतलई. परीक्षेत दोन मार्कांना लिहिलेलं उत्तर डोळ्यासमोर घडत होतं आणि माझे मित्र त्याला फसवणूक म्हणत होते.

आता नोव्हेंबरात अडचण अशी की पावसाळ्याचा वारा संपलेला असतो, जमीन उन्हाळ्यासारखी तापत नाही म्हणून खारा वारा लेचापेचा, आणि जमिनीकडून पूर्वेचा वारा त्याला आडवा येतो. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावर वायव्येचं वारं आपलं आपण असतंच, त्यात दुपारचा खारा वारा मिसळतो आणि दोघे मिळून चांगला जोर धरतात. जूननंतर वारं भरपूर पण समुद्र खवळलेला, तेव्हा हे धंदे बंदच असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं आलं. सरांकडे हातात धरून वारं मोजायचं छोटं यंत्र होतं, त्यावर पाच-सहा नॉट. एक नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर ताशी, म्हणजे सायकलवर निवांत चाललो तर तोंडावर लागतं तेवढं. आणि नवशिक्याला एवढंच हवं असतं हे कुणी ऐकूनच घेत नाही. बोर्डवर उभं राहायचं, पाण्यात पडलेली सेल दोरीनं ओढून वर घ्यायची, पाण्यानं भरलेली सेल किती जड लागते ते ओढल्याशिवाय कळत नाही, मग मास्ट म्हणजे सेलची उभी काठी सोडून बूम म्हणजे सेलचा आडवा दांडा धरायचा, मागचा हात ओढला की चालतं, सोडला की थांबतं. हे सगळं सहा नॉटमध्ये शिकायचं, पंधरा नॉटमध्ये नवा माणूस नुसता पडत राहतो. आम्ही सगळे विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले, बोर्डवरून पडायची भीती कुणालाच नव्हती. त्या दिवशी मी, मेडिकलवाला आणि मास्तर असे तिघे नीट उभे राहिलो. टॉवेलवाला दहा-बारा वेळा पडला आणि बाहेर येऊन म्हणाला, "हवाच नाही बे, काय शिकायचं यात?"

तिसऱ्या दिवशी पान हललं नाही. ढग आले होते, जमीन तापलीच नाही. सरांनी वाळूत बोर्ड ठेवून दोन तास वळायचं कसं ते घोटून घेतलं, मास्टच्या पुढून पाय कसे फिरवायचे, वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही म्हणून साधारण ४५ अंश सोडून तिरकं तिरकं कसं परत यायचं. मी आणि मेडिकलवाला करत होतो, बाकीचे नारळपाणी पीत बसले. रात्री जेवताना भांडण झालं. टॉवेलवाला म्हणाला तू आमचे पैसे पाण्यात घातलेस, उद्या मी गाडी घेऊन मंगेशी आणि जुना गोवा करणार, यायचं त्यानं या.

चौथ्या दिवशी तिघे गेले. आम्ही दोघे राहिलो.

मी का राहिलो ते सांगतो. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचा मुलूख. लहानपणी मळणी झाली की आजोबा खळ्यावरच मुक्काम करायचे, कारण उफणायला वारं लागतं आणि ते सांगून येत नाही. तिवई मांडलेली, पाट्या भरून ठेवलेल्या, आणि माणूस निवांत तंबाखू मळत बसलेला. कधी दोन दिवस वारं पडलेलं असायचं. मग रात्री दोनला हाक यायची, "उठा रे, वारं सुटायलंय," की घरातली सगळी माणसं झोपेतून उठून खळ्यावर. आजोबा तिवईवर उभे राहून पाटी हलवायचे, भूस एकीकडे उडायचं आणि दाणे खाली रास धरायचे. वारं नाही म्हणून आजोबांनी कधी कुणाला शिव्या दिलेल्या मला आठवत नाहीत, आणि खळं सोडून गावात चक्कर मारायला गेलेलेही आठवत नाहीत.

सव्वादोनला लांब पाण्यावर एक काळपट पट्टा दिसला. वारं येतं तेव्हा पाण्याचा रंग बदलतो, ते आधी दिसतं आणि मग अंगाला लागतं. सर ओरडले, चला. यंत्रावर अकरा, मग तेरा नॉट, पाण्यावर कुठं कुठं पांढरे फेसाचे तुरे. मी सेल उचलली आणि बूम धरल्यावर पहिल्यांदा कळलं की ही दुसरीच गोष्ट आहे, सेल मला ओढत होती, मी तिला नाही, पाठ मागं टाकून सगळं वजन बूमवर लटकवावं लागत होतं आणि बोर्डखाली पाणी खळाळत होतं. कालचं वाळूतलं वळणं पाण्यात चौथ्या वेळेला जमलं. वळून परत किनाऱ्याकडे तोंड केलं तेव्हा मेडिकलवाला समोरून येत होता आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघून नुसतं ओरडत होतो, काय ओरडलो आठवत नाही. साडेपाचला वारं उतरायला लागलं. तीन तास. हात एवढे भरून आले होते की रात्री भाकरी मोडताना बोटं वळत नव्हती.

तिघे सहा वाजता आले तेव्हा समुद्र परत तेलासारखा. आम्ही सांगितलं तर टॉवेलवाल्याला वाटलं आम्ही त्याला जळवायला बनवून सांगतोय. फोटो नव्हते, फोन कोण घेऊन जाणार पाण्यात.

घरी आल्यावर त्यानं उरलेले ४,२५० दिले नाहीत. म्हणाला वाराच नव्हता तर पैसे कशाचे. मी स्वतःचे घालून सरांचे पूर्ण केले, कारण ते माणूस चारही दिवस सकाळपासून बोर्ड मांडून, बोटीत पेट्रोल भरून तयार बसलेलं होतं. पैसे बोर्डाचे, बोटीचे आणि शिकवणाऱ्याच्या वेळेचे असतात, वारं कुणी विकत नाही. मी त्याला विचारलं होतं, तुझ्या कारखान्यात लाइट गेली तर त्या दिवसाचं शेडचं भाडं आणि बँकेचा हप्ता थांबतो का? त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही, तरी सोलापुरात सात रस्ता चौकात चहाला भेटलो की चारचौघांत तो विषय काढतोच, 'याच्या नादानं पैसे वाया गेले'. पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी २०२४ ला शिडांच्या शर्यती मार्से शहरात होत्या, तिथं हलक्या वाऱ्यामुळे विंडसर्फिंगच्या फायनल एक दिवस पुढं ढकलाव्या लागल्या. जगातले सगळ्यात भारी खेळाडू किनाऱ्यावर वाट बघत बसले होते. मी ती बातमी ग्रुपवर टाकली, त्यानं बघितली आणि गप्प बसला.

२०१९ च्या एप्रिलमध्ये मी आणि मेडिकलवाला परत गेलो, त्याच सरांकडे, पाच दिवस. चार दुपारी वारं आलं, दोन दिवस तर पंधराच्या पुढं. म्हणून म्हणतो, वारा बेभरवशाचा आहे हे लोकांचं म्हणणं मला पटतच नाही, सुट्टीच्या सोयीनं तारीख लावायची आणि मग वाऱ्याच्या नावानं बोटं मोडायची.

तुमच्या सहाजणांना नोव्हेंबरच सोयीचा असेल तर चाराचे सहा दिवस करा, एकच दुपार चांगली मिळाली तरी शिकणं होतं आणि दिवस जेवढे जास्त तेवढी ती दुपार सापडायची शक्यता जास्त. मोठ्या लिटरचा रुंद बोर्ड मागा (बोर्डाचं आकारमान लिटरमध्ये सांगतात), दोनशेच्या आसपासचा, हलक्या वाऱ्यात त्यावर उभं राहता येतं. फिरणं, मासे, देवळं जे काय असेल ते सकाळी उरका आणि दुपारी बारा ते सूर्य मावळेपर्यंत किनारा सोडू नका. विंडी, विंडगुरू ही वाऱ्याचा अंदाज देणारी अॅप्स बघा पण त्यावर भांडू नका, समुद्राकडून दुपारी येणारा वारा त्यांना दरवेळी नीट पकडता येत नाही, आमच्या चौथ्या दिवशी ते पाच नॉट दाखवत होते. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात, २०१९ च्या दिवाळीत क्यार आलं होतं, तसला इशारा असेल तर मात्र निघूच नका. ज्याला पोरंबाळं घेऊन यायचंय त्याला वेगळा बेत करू द्या, त्याचा आणि तुमचा वेळ जुळणार नाही. वर्षभर थांबायची तयारी असेल आणि वाऱ्याची जास्त खात्री हवी असेल तर रामेश्वरमकडे मे ते सप्टेंबर जोराचं वारं असतं, पण तिकडं पतंगाचं काईटसर्फिंग जास्त चालतं आणि अगदी नवशिक्यांनी सुरुवात गोव्यातच करावी असं माझं मत.

हे आधी सांगायला हवं होतं, सकाळी जमिनीकडून पाण्याकडे वारा असताना बोट सोबत नसेल तर अजिबात आत जाऊ नका, पाणी शांत दिसतं आणि नवा माणूस बघता बघता लांब जातो, परत येणं त्याला जमत नाही. पोहता येत असलं तरी जॅकेट घाला, विहिरीतलं पोहणं वेगळं. पायात जुने बूट घाला, दगडावरच्या शिंपल्यांनी तळवे कापतात. आणि मी दोनच वेळा गेलोय, दोन्ही वेळा एकाच किनाऱ्यावर, दुसरीकडचं वारं वेगळं असेल तर तिथल्या कोळ्याला विचारा.

पैशांचं राहिलं. निघायच्या आधी ग्रुपवर एक ओळ टाका की वारं आलं न आलं तरी पूर्ण पैसे सगळ्यांनी द्यायचे, आणि सहाही जणांकडून त्याखाली 'हो' असं लिहून घ्या. नुसता अंगठा चालणार नाही. आणि पैसे ज्यानं त्यानं थेट शिकवणाऱ्याला द्यावेत.