फोसडेमला पहिल्यांदा जातोयस? कॅमेरा घे, पण एकच लेन्स

अरे, ब्रुसेल्सच्या या मुक्त सॉफ्टवेअर संमेलनात सत्रं ऐकायची आणि शहराचे फोटोही काढायचे, दोन्ही जमतं, फक्त हावरटपणा नको. फोसडेमला नोंदणी नाही, तिकीट नाही; त्यामुळे गर्दी मरणाची. खोली भरली की आत सोडत नाहीत. दिवसाला तीनच सत्रं ठरव, शक्यतो एकाच इमारतीतली. बाकीची नंतर व्हिडिओवर बघता येतात. स्टॉलवरच्या गप्पा मात्र तिथेच.

फोटोंसाठी सकाळ. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रुसेल्सला सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. साडेसातला ग्रां-प्लासवर उभा राहा: गडद निळं आकाश, दिव्यांत चमकणारे फरशीचे दगड, चौक जवळजवळ रिकामा. मग निवांत फोसडेम भरतं तो विद्यापीठाचा कॅम्पस गाठ.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- तीन लेन्स आणि वर लॅपटॉप. दुपारपर्यंत खांदे बोलायला लागतात. ३५ मिमीची एक पुरे.
- जादा बॅटरी बॅगेत. थंडीत लवकर उतरते. आतल्या खिशात ठेव.
- बाहेरून आत आल्या आल्या कॅमेरा काढणं. काचेवर वाफ धरते. बॅगेची चेन लावून अर्धा तास तसाच राहू दे. पहिल्या वर्षी मी रुमालाने पुसत बसलो, पुसलं की परत धुकं!

कुणाचा जवळून फोटो काढण्याआधी विचार. ट्रायपॉड, रॉ वगैरे पुढच्या खेपेला बघू.