आधी वस्तू बघ

तुझी मेल वाचली. मॅन्युअलचं भाषांतर करताना 'बेअरिंग'ला स्पॅनिशमध्ये चार शब्द सापडले, त्यातला बरोबर कोणता, एवढंच तुला हवंय. अगं, पण बेअरिंग कुठलं, ते लिहिलंच नाहीस! गोळ्यांचं असेल तर स्पेनमध्ये रोदामिएंतो, मेक्सिकोच्या गॅरेजात बालेरो. गोळ्या नसलेलं, बुशसारखं, म्हणजे नुसत्या नळीसारखं असेल तर कोहिनेते. आणि पुलाच्या खांबावर, गर्डरखाली बसतं ते आपोयो. आधी वस्तू बघ, मग शब्द.

मी हे लाज जाऊन शिकले. पहिल्याच मोठ्या कामात पुलाच्या ड्रॉइंगमधल्या एकूण एक बेअरिंगचं मी रोदामिएंतो करून टाकलं. तिकडच्या इंजिनिअरने फोटो पाठवला. काळ्या रबराची जाड लादी, आत पोलादी पत्रे, गोळी एकही नाही. खाली एकच ओळ: 'हे फिरतं का?' तेव्हा डेले या स्पॅनिशच्या परीक्षेचं प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं.

पानामागे पैसे मिळतात, वस्तू बघायला वेळ कुठून आणू, असं तू म्हणशील. एका एजन्सीने मलाही हेच ऐकवलं आणि फार प्रश्न विचारते म्हणून काम देणं थांबवलं. ते वर्ष ओढाताणीत गेलं. तरी माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. स्पेनमध्ये धातूतल्या स्ट्रेसला तेन्सिओन म्हणतात आणि व्होल्टेजलाही तेन्सिओनच. धातूची स्ट्रेंग्थ आणि विजेचा रेझिस्टन्स, दोन्ही रेसिस्तेन्सिया. मोटरच्या मॅन्युअलमध्ये फिरणारा शाफ्टही असतो आणि विजेच्या तारेचं वायंडिंगही. मग न विचारता कसं लिहायचं, सांग ना!

आकड्यांचंही तेच. मेक्सिकोत दशांशाला टिंबच चालतं, स्पेनमध्ये स्वल्पविराम लागतो. शिमची, म्हणजे फटीत घालायच्या पातळ पत्र्याची, जाडी १.२५० मिलिमीटर तशीच सोडलीस तर तिथला माणूस ती साडेबाराशे वाचू शकतो. शिम हातात धरलेली असती तर तू दोनदा तपासलं असतंस.

आणि नमुना म्हणून पाठवलेल्या भाषांतरात 'वॉशर'चं लावादोरा केलंयस, त्याचा मला खरंच राग आला. ते कपडे धुण्याचं यंत्र! नटखालची चकती ती, स्पेनमध्ये आरांदेला, मेक्सिकोत रोंदाना. तुला स्पॅनिश माझ्याहून चांगलं येतं गं, म्हणून तर जीव तुटतो.

बुधवारी भोसरीला ये. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये एक गिअरबॉक्स उघडणार आहेत. येताना तुझी शब्दांची यादी आण, फक्त स्पॅनिशचा रकाना कोरा ठेव.