बिल्ड होतं, पण चालत नाही

प्रश्न : ताई, आमच्या जावा प्रकल्पात (बिल्डसाठी मेव्हन हे साधन वापरतो) नवी रिपोर्ट लायब्ररी जोडली. बिल्ड होतं, पण अ‍ॅप चालवलं की ‘नो सच मेथड एरर’ (हाक मारलेली मेथड सापडत नाही) येते. ग्वावा या गूगलच्या जावा लायब्ररीची आधी 18 आवृत्ती होती, आता 31 दिसते.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भाऊ, तुमची तगमग मला कळते. मागच्या मे महिन्यात धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात कूलरसमोर बसून मी याच चुकीपायी दोन रात्री जागले. मी कोड तपासत राहिले. तपासायचं होतं ते डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कोणती लायब्ररी कुणामुळे आली त्याचा आराखडा. तुम्ही आधी तेच काढा. त्याला ‘व्हर्बोज’ हा पर्याय लावा, म्हणजे वगळलेल्या आवृत्त्याही दिसतील.

एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या, तर मेव्हन त्या ट्रीमध्ये तुमच्या प्रकल्पाला जवळची घेतो, मग ती जुनी का असेना. अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेली. ग्रेडल (दुसरं बिल्ड-साधन) मात्र सहसा सर्वांत नवी निवडतो. ग्वावाच्या 21 मध्ये ‘ऑब्जेक्ट्स’ या क्लासमधली ‘फर्स्टनॉननल’ ही मेथड काढून टाकली. तुमची एखादी जुनी लायब्ररी तिलाच हाक मारत असावी. ती आधीच कंपाइल झालेली, म्हणून बिल्ड अडत नाही.

त्या जुन्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या, खरा उपाय हाच. मग pom.xml या मेव्हनच्या प्रकल्प-फाइलमधल्या ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’मध्ये ग्वावाची एकच आवृत्ती ठरवून टाका. नुसतं ‘एक्स्क्लूजन’ लावून, म्हणजे नवी ग्वावा वगळून, 18 वर परतू नका, नाहीतर रिपोर्टची लायब्ररी अडेल. जुनीची नवी आवृत्ती निघालीच नसेल, तर मेव्हनच्या शेड प्लगइनने तिची जुनी ग्वावा तिच्याच सोबत वेगळ्या पॅकेज-नावाखाली बांधा.