सतरा हजारांचे एस्टिमेट आणि कप्प्यातले पुस्तक

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी चार वर्षांची असून ती आजवर ३१,००० किलोमीटर चालली आहे. वार्षिक सर्व्हिसिंगसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली असता तेथील सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने करांसह १७,०५० रुपयांचे एस्टिमेट हातात दिले. त्यात इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर २,१५०, एअर फिल्टर ४२०, एसीचा फिल्टर ६१०, मजुरी २,३००, व्हील अलाइनमेंट व बॅलन्सिंग १,१५०, ब्रेक सफाई ९८०, इंजिन फ्लश ६९०, थ्रॉटल बॉडी सफाई ८५०, पेट्रोलमध्ये घालायचे द्रव्य ५५०, एसी निर्जंतुकीकरण १,२५०, अंडरबॉडी कोटिंग ४,२००, आतील सफाई १,४५० आणि उंदीर प्रतिबंधक फवारा ४५० अशा बाबी आहेत. “कंपनीच्या शेड्यूलप्रमाणेच आहे, यातले काही वगळले तर एक्स्टेंडेड वॉरंटी जाईल,” असे मला सांगण्यात आले. मी निवृत्त शिक्षक आहे. पैसे वाचवण्यासाठी गाडीचे नुकसान करून घ्यायचे नाही, पण उगाच पैसे देण्याचीही इच्छा नाही. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण एस्टिमेटमधील प्रत्येक बाब रकमेसह कळवली, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपल्याला जे ‘शेड्यूल’ म्हणून सांगण्यात आले, ते वस्तुतः दोन वेगवेगळ्या कागदांचे मिश्रण आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेले शेड्यूल आपल्या गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलमध्ये तक्त्याच्या रूपात छापलेले असते आणि ते पुस्तक बहुतेकांच्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून असते. दुसरा कागद म्हणजे सर्व्हिस सेंटरची स्वतःची शिफारस. गाडी विकण्यापेक्षा ती दुरुस्त करण्यात आणि तिच्यावर वरचे उपचार करण्यात विक्रेत्याला अधिक नफा मिळतो, हे उघड गुपित आहे. अनेक ठिकाणी असे उपचार किती विकले यावर अ‍ॅडव्हायझरचे मासिक लक्ष्य ठरलेले असते. त्यामुळे समोरचा माणूस खोटे बोलतो असे मी म्हणणार नाही, परंतु तो सल्लागार असतो त्याबरोबर विक्रेताही असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता पुस्तक उघडून तक्ता पाहावा. आपल्याकडील बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी दर १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा असे त्यात लिहिलेले आढळेल. एअर फिल्टर बदलण्याचा टप्पा सहसा याहून बराच लांबचा, म्हणजे ३०,००० ते ४०,००० किलोमीटरच्या आसपासचा असतो. आपल्या एस्टिमेटमधील पहिल्या चार बाबी, म्हणजे ऑइल, दोन फिल्टर आणि मजुरी, मिळून ५,४८० रुपये होतात आणि हा खर्च मी कोणतीही घासाघीस न करता देईन. त्यातही आपली गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटरच चालत असली तरी ऑइल वर्षाने बदलायचेच. गाडी बाजारापर्यंत आणि परत अशी थोडी थोडी चालली की ऑइल पुरेसे तापत नाही, त्यामुळे इंजिनात तयार होणारे पाण्याचे आणि न जळालेल्या पेट्रोलचे अंश उडून न जाता ऑइलमध्येच साठत राहतात.

इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी सफाई, पेट्रोलमधील द्रव्य, एसी निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, आतील सफाई आणि उंदरांचा फवारा या सात बाबींची बेरीज ९,४४० रुपये होते, म्हणजे एस्टिमेटचा निम्म्याहून मोठा भाग. यांपैकी एकही बाब आपल्या मॅन्युअलच्या तक्त्यात ठरावीक किलोमीटरला करायची म्हणून दिलेली सापडेल, असे मला वाटत नाही. स्वतः पडताळून पाहावे.

इंजिन फ्लश म्हणजे जुन्या ऑइलमध्ये एक पातळ द्रावक ओतून इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवायचे आणि मग सगळेच ऑइल काढून टाकायचे. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात धुऊन काढण्यासारखे फारसे काही नसते, कारण आजच्या ऑइलमध्येच मळ धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. उलट वर्षानुवर्षे दुर्लक्ष झालेल्या इंजिनात साचलेला गाळ फ्लशमुळे एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याचा धोका असतो. म्हणजे ज्याला गरज नाही त्याला हा उपचार निरुपयोगी, आणि ज्याला गरज आहे असे वाटते त्याला जोखमीचा.

थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, सफाई हे खरे काम आहे, पण ते लक्षण दिसल्यावर करायचे काम आहे. सिग्नलला उभे असताना इंजिनाचा वेग वरखाली होत असेल किंवा गाडी मधूनच बंद पडत असेल, तर करून घ्यावी. आपण अशी कोणतीही तक्रार कळवलेली नाही. एसीला कुबट वास येत असेल तर निर्जंतुकीकरणाचा फोम मारून घेण्यास हरकत नाही, मात्र आपण एसीचा फिल्टर बदलतच आहात. शिवाय घरी पोहोचण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एसीचे बटण बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, तर आतील ओल वाळते आणि तो वास बहुधा येतच नाही. याला एक रुपयाही लागत नाही.

अंडरबॉडी कोटिंगविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण एस्टिमेटमधील सर्वांत मोठी रक्कम तिची आहे. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा कारखान्यातच गंजरोधक प्राइमरच्या हौदात बुडवून निघतो आणि खालच्या बाजूला सांध्यांवर संरक्षक थरही दिलेला असतो. गंज झपाट्याने वाढतो तो खाऱ्या हवेत. म्हणून रत्नागिरी, मालवण किंवा पणजीला उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल, तर सुरुवातीलाच एकदा नीट करून घेतलेले कोटिंग मला पटते. साताऱ्यात पाऊस भरपूर असला तरी हवेत मीठ नाही. चार वर्षे वापरलेल्या गाडीचा तळ पूर्ण धुऊन, वाळवून मगच हा थर चढवायला हवा. सकाळी गाडी दिली आणि संध्याकाळी परत मिळाली, तर एवढे सोपस्कार झाले असतील यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. ओल्या चिखलावरच फवारा मारला गेला, तर ओल आतच कोंडते आणि ज्या गंजासाठी पैसे दिले तो थराआड निवांत वाढतो.

उरल्या दोन बाबी, अलाइनमेंट (चाकांचे कोन आणि दिशा नीट जुळवणे) आणि ब्रेक सफाई. यांचा निर्णय मोजमाप पाहून घ्यावा. स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर अलाइनमेंट आवश्यक आहे, पण तेच काम चांगल्या टायरच्या दुकानात बरेच स्वस्तात होते. ब्रेकच्या बाबतीत ‘सफाई करायची आहे’ या वाक्यावर थांबू नये. पुढच्या पॅडची जाडी किती मिलिमीटर उरली आहे, असे विचारावे. नवे पॅड साधारण १० मिलिमीटरचे असते आणि ते ३ मिलिमीटरच्या जवळ आले की बदलायचे असते. आकडा सांगणाऱ्याने चाक उघडून पाहिलेले असते, एवढे तरी त्यातून कळते.

मला या एस्टिमेटमध्ये खटकले ते वेगळेच. त्यात ब्रेक ऑइल नाही. हे द्रव हवेतील ओल शोषून घेते आणि म्हणून बहुतेक कंपन्या ते दोन-तीन वर्षांनी बदलायला सांगतात. डॉट ४ प्रतीचे नवे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की हा निकष १५५ अंशांवर येतो. आपण महाबळेश्वरहून पसरणी घाटाने वाईला उतरत असाल आणि सतत पाय ब्रेकवर असेल, तर तापलेल्या ब्रेकमधील ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागून खाली जाते. चार वर्षांत ते एकदाही बदलले नसेल (जुन्या बिलांवर पाहावे), तर उंदरांचा फवारा काढून तेथे ब्रेक ऑइल घालायला सांगावे. ज्यात नफा कमी आणि वेळ जास्त, ते काम यादीतून गळते आणि चकचकीत डबा विकता येतो ते राहते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

वॉरंटीच्या धमकीविषयी. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या अटींचा कागद काढून वाचावा. त्यात मॅन्युअलमध्ये दिलेली सर्व्हिसिंग ठरलेल्या मुदतीत करण्याची अट असते. फ्लश किंवा कोटिंग करण्याची नसते. “यातली कोणती बाब वगळल्याने वॉरंटी जाते, ते कृपया जॉब कार्डावर (करायच्या कामांच्या नोंदीच्या कागदावर) लिहून सही द्या,” असे शांतपणे म्हणावे. बहुतेक वेळा विषय तेथेच संपतो. न संपल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र ही वॉरंटी चालू असेपर्यंत मूळ सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावी, असाच माझा सल्ला राहील. बाहेर हजार-दीड हजार रुपये वाचवून पुढे गिअरबॉक्सच्या दाव्यासाठी भांडत बसण्यात शहाणपण नाही.

एक सवय मात्र लावून घ्यावी. बदललेले सुटे भाग परत मागावेत आणि ते आपल्याच गाडीचे आहेत याची खात्री करावी. काही वर्षांपूर्वी मी एका सर्व्हिस सेंटरला गाडी देण्याआधी एअर फिल्टरच्या कडेला बॉलपेनने तारीख लिहून ठेवली होती. बिलात नवा फिल्टर लागलेला होता, सोबत जुना म्हणून धुळीने काळवंडलेला एक फिल्टरही दाखवण्यात आला. घरी येऊन झाकणाच्या क्लिपा काढल्या तर आत माझीच तारीख. पैसे परत मिळाले, पण तेव्हापासून मी पेन बरोबर ठेवतो.

प्रश्न : वडिलांची गाडी वर्षाला जेमतेम २,५०० किलोमीटर चालते. तरीही दरवर्षी सर्व्हिसिंगचे मेसेज येतात. दोन वर्षांतून एकदा केले तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, ऑइल वर्षाने बदलावेच, त्याचे कारण वर साताऱ्याच्या वाचकांना दिले आहे आणि ते आपल्या वडिलांच्या गाडीला अधिकच लागू पडते. मात्र एअर फिल्टर, अलाइनमेंट वगैरे किलोमीटरवर अवलंबून असलेली कामे खुशाल पुढे ढकलावीत. कमी चालणाऱ्या गाडीचे शत्रू वेगळे असतात. बॅटरी उतरते, गाडी चालली नाही तरी ब्रेक ऑइल ओल धरतेच, आणि टायरची नक्षी शाबूत दिसत असूनही रबर कडक होऊन भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. तो आकडा एकदा वाचून पाहावा.

प्रश्न : माझी डिझेल गाडी सात वर्षांची, ७८,००० किलोमीटर चाललेली आणि वॉरंटी संपलेली आहे. गावातील ओळखीच्या मिस्त्रीकडे सर्व्हिसिंग करून घ्यावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : अवश्य, मिस्त्री आपल्या मॉडेलचे काम नेहमी करत असेल तर. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. काही कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या हे खरे, पण बाहेरच्या गॅरेजात गाडी नेणे हा काही गुन्हा नव्हे. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच, सीलबंद डब्यातून आपल्यासमोर ओतलेले असावे.

एका बाबतीत काटकसर करू नये. आपल्या इंजिनात टायमिंगसाठी, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींचा मेळ राखण्यासाठी, चेन आहे की रबरी पट्टा, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. १.३ लिटरच्या मल्टिजेट इंजिनात चेन असते, तर रेनॉच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात पट्टा असतो. पट्टा असेल तर तो बदलण्याचा किलोमीटरचा आणि वर्षांचा टप्पा शब्दशः पाळावा, बिल मोठे आले तरी. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग सर्व्हिसिंगचे नव्हे, इंजिन उघडण्याचे एस्टिमेट हाती येते. हे काम आपल्या मिस्त्रीने यापूर्वी याच इंजिनावर केलेले नसेल, तर तेवढ्यापुरती गाडी अधिकृत ठिकाणी न्यावी आणि त्याच वेळी पट्ट्याचा ताण धरणारी पुली व त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंपही बदलून घ्यावा, म्हणजे तेवढ्यासाठी पुन्हा सगळे खोलावे लागणार नाही.