अणुभट्टीच्या विजेवर आयन इंजिन अंतराळात कधी खरंच चाललं आहे का?

हो, पण फक्त चाचणीपुरतं. (आयन इंजिन म्हणजे विजेच्या जोरावर विद्युतभारित कण मागे फेकून यानाला पुढे ढकलणारं इंजिन.) अमेरिकेने ३ एप्रिल १९६५ रोजी स्नॅप-१०ए ही छोटी अणुभट्टी सुमारे १३०० किमी उंचीच्या कक्षेत पाठवली. तिची वीज जेमतेम ५०० वॅट, म्हणजे घरातल्या मिक्सरला पुरेल इतकी! सोबत सीझियमवर चालणारं आयन इंजिन होतं. ते तासभरही टिकलं नाही. उच्च दाबाच्या विजेमुळे यानाची दिशा सांभाळणारी यंत्रणा बिघडायला लागली, म्हणून ते बंद करावं लागलं. भट्टी मात्र ४३ दिवस चालली आणि तीही थांबली ती यानातल्या व्होल्टेज रेग्युलेटरच्या बिघाडामुळे. भट्टीचा त्यात दोष नव्हता. पुढे १९८७ मध्ये सोव्हिएत संघाने कॉसमॉस-१८१८ आणि १८६७ या उपग्रहांवर टोपाझ भट्टीसोबत झेनॉन वायूचे प्लाझ्मा थ्रस्टर (विजेवरच चालणारी छोटी इंजिनं) वापरून पाहिले.

एक खुलासा: स्नॅप-१०एचं इंजिन थेट भट्टीवर चालवायचं नव्हतंच. भट्टीने तासन् तास बॅटरी भरायची आणि मग बॅटरीवर इंजिन तासभर चालवायचं, अशी योजना होती. त्यामुळे काटेकोर अर्थाने त्याला 'अणुविद्युत प्रणोदन', म्हणजे अणुभट्टीच्या विजेवर यान ढकलणं, म्हणावं का, यावर वाद घालता येईल. व्हॉयेजर यान तर या यादीत अजिबात येत नाही. त्यावर प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज मिळते हे खरं, पण आयन इंजिन नाही. डॉन यानावर आयन इंजिन होतं, पण वीज सौर पॅनेलची.