होकायंत्राची चूक घाट चढत नाही

दरवर्षी ३१ जुलैला मासेमारीबंदी संपते आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात बेळगावच्या उद्यमबागेतील माझ्या कार्यशाळेत कारवार, माजाळी, अंकोला या बाजूंनी पिशव्या येऊ लागतात. पिशवीत बोटीवरून वायर कापून काढलेला दिशा दाखवणारा सेन्सर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, असतो आणि सोबत ‘दिशा चुकते, दुरुस्त करून पाठवणे’ अशी चिठ्ठी असते. अणशी घाट चढून, जोयडा-रामनगरमार्गे आलेला हा सेन्सर मेजावर तपासला की बहुतेक वेळा निर्दोष निघतो, कारण चूक बोटीत असते आणि बोट तिकडेच राहिलेली असते. शिवाय माझ्या शेजारी ओतकामाचे कारखाने आहेत. त्या लोखंडाच्या राशींत कोणतेही होकायंत्र खरे सांगणार नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे यंदा उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (निपाणी): हिडकल जलाशयावर आमची लहान फायबरची बोट आहे. बोट थांबली की जीपीएसच्या पडद्यावरील बाण गरगर फिरतो. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर: नाही. साधे जीपीएस आपण कोणत्या दिशेने सरकत आहात एवढेच सांगते. नाळ (बोटीचे पुढचे टोक) कोणीकडे आहे हे त्याला ठाऊक नसते, आणि बोट सरकत नसेल तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

प्रश्न (बैतखोल, कारवार): पावसाळ्यात बोट वर ओढून इंजिनखोलीजवळ वेल्डिंग केले. त्यानंतर उत्तरेकडे जाताना पडदा ८ अंश जास्त दाखवू लागला. एका मेकॅनिकने धक्क्यावरच सेटिंगमध्ये ८ अंश वजा करून दिले. आता उत्तरेकडे सर्व ठीक आहे, पण परतताना ऑटोपायलट बोट भलतीकडे नेतो.

उत्तर: आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींचे मूळ या एका पत्रात आहे. वेल्डिंगची उष्णता, तिचा प्रवाह आणि हातोड्याचे घाव यांमुळे बोटीतील लोखंडाचे चुंबकत्व बदलते. हे चुंबकत्व बोटीबरोबर फिरते, त्यामुळे त्यातून येणारी चूक प्रत्येक दिशेला निराळी असते. उत्तरेला ती अधिक ८ अंश असेल, तर दक्षिणेला साधारण उणे ८ असते आणि पूर्व-पश्चिमेला जवळजवळ शून्य. यातून सरसकट ८ वजा केले की उत्तरेला शून्य उरते, पूर्व-पश्चिमेला उणे ८ होते आणि दक्षिणेला उणे १६. म्हणजे उत्तरेची थकबाकी दक्षिणेच्या खात्यावर चढवली गेली. १६ अंशांच्या चुकीने सुकाणू धरून १० सागरी मैल गेल्यास बोट ठरल्या रेषेपासून पावणेतीन मैल बाजूला जाते. रात्रीच्या वेळी, किनाऱ्यालगतच्या खडकांजवळ, याचा अर्थ काय होतो हे बोट चालवणाऱ्या तांडेलांना मी सांगायला नको.

वजाबाकीची ती सोय सेन्सर नाळेच्या रेषेशी थोडा तिरपा बसला असेल तर त्यासाठी असते, आणि तिला हात लावायचा तो कॅलिब्रेशन, म्हणजे बोटीतील चुंबकत्वाशी सेन्सरची जुळणी, झाल्यानंतर. कॅलिब्रेशन धक्क्याला बांधलेल्या बोटीत होऊच शकत नाही. त्यासाठी शांत, मोकळ्या पाण्यात जावे, समुद्रात जी उपकरणे चालू असतात ती सर्व चालू ठेवावीत आणि पुस्तिकेत सांगितले असेल तितकी संथ वर्तुळे घ्यावीत. एका वर्तुळाला निदान दोन मिनिटे लागली पाहिजेत. घाईने फिरवलेल्या बोटीत सेन्सर चुकीचाच धडा पाठ करतो. शेवटी अनेक यंत्रे किती विचलन (बोटीच्या चुंबकत्वामुळे येणारी दिशेची चूक) सापडले तो आकडा दाखवतात. तो पुस्तिकेतील मर्यादेबाहेर असेल तर सेन्सरची जागाच बदलावी लागेल. त्यानंतर नकाशावरून ताडून पाहावे: आपली जागा निश्चित करून कारवारजवळच्या देवगड बेटावरील दीपगृहाकडे नाळ धरावी आणि नकाशावरील दिशा व पडद्यावरील दिशा यांची तुलना करावी. हे दीपगृह १८६४ पासून हललेले नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणून ते विश्वासार्ह आहे.

हे नखरे कशाला, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये त्या कामासाठी अलिबागला नवी वेधशाळा उभारावी लागली. रस्त्यावरच्या ट्रामची एवढी धास्ती, आणि आपण सेन्सरपासून हातभर अंतरावर वेल्डिंग करून तसेच समुद्रात जातो! वेल्डिंग झाले, इंजिन बदलले किंवा विंच हलवली की कॅलिब्रेशन नव्याने करावेच. आपली बोट मोठी असल्याने मी लिहिलेले वाचून स्वतः प्रयोग करण्याऐवजी अनुभवी कंपास-जुळणीकाराला बोटीवर न्यावे, त्याच्याकडून विचलनाचा तक्ता लिहून घ्यावा, आणि तोपर्यंत ऑटोपायलटवर विसंबू नये.

प्रश्न (खानापूर): सेन्सरवरून लोहचुंबक फिरवला की तो शुद्ध होतो, असे कारवारच्या एका नातेवाइकाने सांगितले. खरे का?

उत्तर: खोटे. कृपया करू नये.

प्रश्न (माजाळी): दोन पडद्यांवरील दिशेत कायम एका अंशाचा फरक असतो.

उत्तर: एक पडदा खरी (नकाशावरची) उत्तर दिशा धरत असेल आणि दुसरा चुंबकीय. आपल्या किनाऱ्यावर दिक्पात, म्हणजे या दोन उत्तर दिशांमधला कोन, जेमतेम एखाद्या अंशाचा आहे. दोन्हीकडे एकच पद्धत निवडावी. फरक तरीही राहिला तर तंत्रज्ञाला दाखवावे.

प्रश्न (अंकोला): वायरलेसचे बटण दाबले की दिशा १५ अंशांनी उडी मारते आणि सोडले की परत येते. विक्रेता म्हणतो, सेन्सर जुना झाला, नवा घ्या.

उत्तर: सेन्सर जुना झाला म्हणून तो बटणाबरोबर उडी मारत नाही. बोलताना वायरलेस मोठा प्रवाह ओढतो, आणि त्याची वायर सेन्सरजवळून गेली असेल तर तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र सेन्सरला दिसते. बोट घट्ट बांधून सर्व उपकरणे बंद करावीत, दिशा लिहून ठेवावी, मग एकेक उपकरण चालू करून प्रत्येक वेळी आकडा पाहावा. एका बोटीवर मी अशी यादी केली, तेव्हा गुन्हेगार निघाला केबिनच्या फळीमागे सेन्सरला टेकून बसवलेला गाण्यांचा स्पीकर. स्पीकर सेन्सरपासून निदान मीटरभर लांब असावा, आणि जवळच्या धन व ऋण वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे दोघींचा परिणाम एकमेकींना खोडतो. ज्याला ही यादी करून पाहावीशी वाटली नाही, त्या विक्रेत्याकडून नवा सेन्सर घेण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराचे मत घ्यावे.

प्रश्न (बेळगाव): भागीदारीत आमची पोलादी बोट आहे. सॅटेलाइट कंपास घेतला की चुंबकाची कटकट संपते, असे सांगतात.

उत्तर: पोलादी बोटीसाठी ती खरेदी योग्य ठरू शकते, कारण दोन किंवा अधिक अँटेनांवरून दिशा काढणाऱ्या या यंत्राला लोखंडाशी देणेघेणे नसते आणि बोट उभी असली तरी ते दिशा सांगते. परंतु त्याला मोकळे आकाश लागते. डोलकाठी किंवा रडारच्या आड बसवले तर पैसे पाण्यात. वीज गेली की तेही गेले, म्हणून द्रव भरलेले साधे होकायंत्र काढून टाकू नये. जागा निश्चित करण्यासाठी तंत्रज्ञ प्रत्यक्ष बोटीवर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.

प्रश्न (कारवार): पावसानंतर दिशेच्या जागी अधूनमधून नुसत्या रेघा दिसतात.

उत्तर: ही चूक चुंबकाची नाही, जोडणीची आहे. एनएमईए २००० जाळे (बोटीवरील उपकरणांना एकमेकांशी जोडणारी वायरींची पद्धत) असल्यास वीज बंद करून दोन्ही डेटा-वायरींमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर एका टोकाचा टर्मिनेटर (जाळ्याच्या दोन्ही टोकांना लावायचा रोधक) निकामी आहे किंवा नाहीच, आणि ४० आला तर कोणीतरी तिसरा जोडून ठेवला आहे. कनेक्टरमध्ये हिरवी पूड दिसली तर ते बदलूनच घ्यावेत.

प्रश्न (माजाळी): साध्या होकायंत्रात बुडबुडा आला आहे. रॉकेल भरून चालेल का?

उत्तर: चालणार नाही. आतील द्रव यंत्रागणिक वेगळा असतो; चुकीच्या द्रवाने तबकडीचा रंग आणि आतला लवचीक पापुद्रा दोन्ही खराब होतात, शिवाय गळती कुठून झाली तो प्रश्न तसाच राहतो. हे होकायंत्र मात्र पिशवीत घालून घाटावर पाठवावे, कारण ही चूक यंत्राच्याच पोटात आहे. पाठवताना कंपनीचे नाव व मॉडेल चिठ्ठीवर लिहावे, आणि परत आल्यावर बोटीत बसवून विचलन पुन्हा तपासून घ्यावे.